नाडी उजव्या हाताने

सीताबर्डीच्या दुकानदाराने काउंटरवर मांडलं सगळं:
पट्टा, स्टँड, कॅपो, सूर लावायचं चिमट्याएवढं यंत्र,
सात रंगांतली पिकं,
आणि एक पुस्तक, ज्याच्या कव्हरवरचा पोरगा
समुद्राकडे बघत वाजवतोय.
नागपुरात बसून मी समुद्राचं काय करू?
म्हटलं, भाऊ, नुसती गिटार द्या, स्वस्तातली.
मुलासाठी का, त्याने विचारलं.
हो म्हणाले.
एकावन्नाव्या वर्षी हे खोटं सोपं पडतं.

मोहननगरात चर्चमागच्या गल्लीत सॉलोमन सर राहतात,
रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर.
त्यांनी गिटारकडे पाहिलंच नाही आधी. हात पाहिले.
"नखं कापलेली आहेत, हे बरं."
तेवीस वर्षं मेडिकलला आहे सर, म्हटलं,
आमच्याकडे नखं वाढतच नाहीत.
मग गिटार आडवी धरून एका डोळ्याने पाहिली,
जसे रूळ पाहत असतील.
"तारा इतक्या वर! खालून उंदीर जाईल."
घोडीवरची पांढरी पट्टी उपसली,
पॉलिश पेपरवर घासत बसले तासभर,
लावायची, दाबून बघायची, पुन्हा काढायची.
मला वाटलं होतं आज निदान एक कॉर्ड शिकवतील.
"स्वस्त चालते रामटेके बाई. उगाच दुखवणारी नाही चालत.
दुखायचं ते दुखतेच."

घरी मानेवाड्याला सगळ्या खुर्च्यांना हात आहेत.
हात असलेल्या खुर्चीत गिटार मावत नाही,
हे कोणत्याच दुकानात सांगत नाहीत.
कुलरमध्ये पाणी टाकायला ज्यावर चढते
तो स्टूल घेतला.
मे महिना. कुलर घरघरतोय.
सर फोनवर म्हणाले, धरा फोन कुलरजवळ.
ऐकलं, आणि म्हणाले, हा जीमध्ये गाऊन राहिला, जवळपास.
तिसरी तार जुळवा याच्याशी.
जुळवली. खुश झाले.
तीन वाजता लाइन गेली,
घर एकदम गप्प,
आणि त्या गप्पपणात माझ्या बाकीच्या पाच तारा
काय काय बोलत होत्या ते ऐकू आलं.

बोटं सोलली. मग टणक झाली,
वाळलेल्या वाटाण्यासारखी, चार.
मी कौतुकाने अंगठा फिरवायची त्यांच्यावरून
बसमध्ये.

उजव्या हातात पेन असतं,
म्हणून नाडी मी कायम डाव्यानेच पाहते.
तेवीस वर्षं. बोटं ठेवली की ठोका आपोआप येतो.
त्या रात्री काटोलच्या एका आजोबांचं मनगट धरलं
आणि काहीच नाही.
बोटं सरकवली. नाही.
माझ्याच छातीत काहीतरी खाली गेलं.
आजोबा टक्क बघत होते माझ्याकडे.
"काहून वो बाई, गेलो का मी?"
पेन खिशात ठेवलं. उजवा हात.
ब्याऐंशी, नियमित, मजेत.

सरांना सांगितलं. वाटलं, काहीतरी मोठं बोलतील.
"ब्याऐंशी? तुम्हाला ते जास्त होते अजून," म्हणाले.
"साठवर वाजवा."

आता नाडी उजव्या हाताने. लिहिणं नंतर.
रात्रपाळीत तीननंतर जरा उसंत मिळते,
तेव्हा डावी बोटं कॉटच्या दांडीवर
जीवरून सीवर जातात, सीवरून जीवर,
आवाज न करता. अठरा नंबरच्या बाईने पाहिलं एकदा,
तिला वाटलं मी काहीतरी मोजतेय.

हैदराबादहून लेक विचारते, आई, गाणं कोणतं येतं?
गाणं नाही गं अजून.
जीवरून सी येतो.
मध्ये एक ठोका चुकतो.
असा चुकलेला ठोका आम्ही चार्टवर लिहितो,
त्याला नाव आहे,
आणि बहुतेक वेळा
घाबरण्यासारखं काही नसतं.